शेवटच्या पंगतीचे मानकरी

मुंबईच्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत एक नवे पाळीव जनावर आले आहे. त्याला शेपूट नाही, आवाज नाही. इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी ठेवलेल्या टाकीत ते राहते, रोज सकाळी सोसायटीतला ओला कचरा खाते आणि बदल्यात शेगडीपुरता गॅस देते. २०१७ साली मुंबई महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा जागच्या जागी जिरवायला सांगितले. दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा होत असेल किंवा आवार वीस हजार चौरस मीटरहून मोठे असेल, तर तो नियम लागू. तेव्हापासून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडच्या संकुलांत कोणी खताचे खड्डे केले, कोणी गॅसची टाकी बसवली.

मी बरीच वर्षे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. त्यामुळे टाकी बसवलेल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी मला गाठतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, सगळं नीट चालू होतं, आणि अचानक गॅस पेटायचा बंद झाला. असं का होतं?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी हे सांगावे लागते की टाकीत कोणी एक जीव राहत नाही. तिथे शेकडो जातींच्या सूक्ष्मजीवांचे अख्खे गाव वसलेले असते. त्या गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे, हे कळले की टाकीचा आजार कळतो. आपण मतदानाला सरावलेली माणसे. ज्यांची संख्या जास्त त्यांचे चालते, असे आपण धरून चालतो. टाकीतल्या गावात मात्र कारभार असतो मूठभरांच्या हाती, आणि ते मूठभर असतात सर्वांत शेवटी जेवायला बसणारे.

आपल्याकडच्या लग्नातल्या पंगती आठवा. टाकीतही पंगती बसतात. पहिल्या पंगतीला असतात फोडणारे. भात, पोळीचा तुकडा, भाजीचे देठ, डाळीतले प्रथिन ही सगळी मोठमोठ्या रेणूंची गाठोडी असतात. हे जीव आपली पाचकद्रव्ये बाहेर सोडून ती गाठोडी सोडवतात. दुसऱ्या पंगतीचे जीव त्यातून सुटलेली साखर खातात आणि आम्ले टाकतात. व्हिनेगरमध्ये असते ते अ‍ॅसिटिक आम्ल, खवट लोण्याला वास आणणारे ब्युटिरिक आम्ल, प्रोपिऑनिक आम्ल, आणि सोबत हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड. ही मंडळी भलतीच चपळ. पोटभर मिळाले तर काही तासांत त्यांची संख्या दुप्पट होते. तिसऱ्या पंगतीला बसणारे थोडे वेगळे. ते ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्ल घेऊन त्याचे अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. आणि शेवटच्या, चौथ्या पंगतीला बसतात मिथेन करणारे. अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन हेच त्यांचे जेवण. आपल्या शेगडीत जळतो तो मिथेन म्हणजे त्यांनी टाकलेला वायू.

हे शेवटचे जीव जिवाणूंसारखे दिसतात, पण जिवाणू नव्हेत. अमेरिकेतले कार्ल वूझ यांनी १९७७ साली दाखवून दिले की त्यांचे घराणेच निराळे आहे. आज त्या घराण्याला आर्किया म्हणतात. त्यांना प्राणवायू अजिबात चालत नाही. वाढीच्या बाबतीत ते कमालीचे संथ. अ‍ॅसिटिक आम्लावर जगणाऱ्या काही जातींना तर एकाचे दोन व्हायला चांगले काही दिवस लागतात.

आता कोणी म्हणेल, शेवटी बसणाऱ्यांना उरलेसुरले मिळते, त्यांचा मान तो काय? मान असा की त्यांनी पान साफ केले नाही, तर आधीच्या पंगतींचे जेवण घशातच अडकते. तिसऱ्या पंगतीचे उदाहरण घ्या. प्रोपिऑनिक आम्लाचे विघटन करून त्यातून ऊर्जा मिळवायची, हा व्यवहार फार काठावरचा आहे. भोवताली हायड्रोजन अगदी नगण्य असेल तरच तो फायद्यात पडतो. नगण्य म्हणजे वायूच्या दहा हजार भागांत साधारण एक भाग, किंवा त्याहूनही कमी. त्याच्या वर गेला की तोटा. पण हा व्यवहार करताना हे जीव स्वतःच हायड्रोजन बाहेर टाकत असतात. म्हणजे त्यांच्याच धंद्याचा कचरा त्यांचा धंदा बुडवतो. मिथेन करणारे शेजारी बसून तो हायड्रोजन तयार होताच उचलतात, म्हणून यांचे पोट भरते. ज्याने कचरा उचलायचा त्याने एक दिवस दांडी मारली की काय होते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

ही शेजारधर्माची गोष्ट शास्त्रज्ञांच्याही लक्षात उशिराच आली. मिथेन करणारा एक जीव प्रयोगशाळांतून सुमारे तीस वर्षे सांभाळला जात होता. तो अल्कोहोल खाऊन मिथेन देतो, असे पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाई. १९६७ साली अमेरिकेत मार्व्हिन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तो एक जीव नव्हताच, दोन होते. एक अल्कोहोल खाऊन हायड्रोजन टाकायचा आणि त्या हायड्रोजनने स्वतःच गुदमरायचा. दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करायचा. एकमेकांना सोडून त्या अन्नावर दोघांनाही जगता येत नव्हते, म्हणून इतकी वर्षे ते एकच वाटत राहिले. माझ्या विषयातल्या ज्या काही गोष्टी मला मनापासून आवडतात, त्यांत ही फार वरची.

आता सेक्रेटरींच्या प्रश्नाकडे येते. आमच्याच मुलुंडच्या सोसायटीत काय झाले ते सांगते. टाकी बसून वर्ष झाले होते. त्यातल्या गॅसवर खालच्या मजल्यावरच्या खोलीत वॉचमन मंडळींचा चहा आणि दोन वेळचा स्वयंपाक होत असे. गणपतीत महाप्रसाद झाला. उरलेला भात, वरण, जिलब्या, पाकाचे पातेले, सगळे दुसऱ्या दिवशी टाकीत गेले. रोजच्या चौपट तरी असेल. एरवी कचऱ्याच्या गाडीत गेले असते, त्यापेक्षा बरे, अशी सगळ्यांची भावना. दोन दिवस तर कमाल झाली. गॅसचा फुगा टम्म फुगला. कमिटीत आनंदीआनंद. तिसऱ्या दिवशी वॉचमनने काडी लावली तर गॅस पेटेना. नळीतून वायू येत होता, पण काडीच विझत होती.

आमच्याकडे ओला-सुका कचरा वेगळा करायला येणाऱ्या मावशी आहेत. गॅस पेटायचा बंद होण्याच्या आदल्या संध्याकाळीच त्या मला जिन्यात म्हणाल्या होत्या, "मॅडम, टाकीचं पोट बिघडलंय बघा. आंबट वास मारतोय." त्यांचे निदान अचूक होते. महाप्रसादातला भात आणि पाक म्हणजे दुसऱ्या पंगतीला मेजवानी. त्यांनी तासातासाला संख्या वाढवत आम्लांचा आणि कार्बन डायऑक्साइडचा पूर आणला. फुगा फुगला तो याच कार्बन डायऑक्साइडने. तो जळत नाही, उलट जाळ विझवतो. शेवटच्या पंगतीच्या मंडळींना इतके आम्ल एका दमात संपवणे शक्य नव्हते. आम्ल साठले, टाकीतला आंबटपणा वाढला, आणि आंबटपणा हाच त्यांना सर्वांत असह्य. उदासीनतेच्या आसपास, म्हणजे पीएच साधारण सात असताना ते खूश असतात. साडेसहाच्या खाली गेला की त्यांचे काम मंदावते. मंदावले की आम्ल आणखी साठते, आणि आणखी साठले की ते पार थांबतात. आमच्या टाकीत पट्टी बुडवली तेव्हा पाचच्या थोडा वर रंग आला.

टाकी बसवून देणाऱ्या ठेकेदाराने 'कल्चर'च्या पावडरीची पाकिटे सुचवली. किंमत ऐकून खजिनदारांनीच नकार दिला, ते बरेच झाले. आम्ही साधा उपाय केला. टाकीला उपास. दहा दिवस एक कणही घातला नाही. तेवढे दिवस ओला कचरा खताच्या पिंपांत गेला. थोडा थोडा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घातला, म्हणजे आंबटपणा मरेल. आणि तबेल्यातून ताजे शेण आणून रोज एक घमेले त्याचा काला सोडला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ज्योत पेटली. आधी पिवळट, फडफडणारी, मग दोन दिवसांनी निळी. त्यानंतर रोजच्या मापाच्या पाव हिश्शापासून सुरुवात करून महिनाभराने टाकी पूर्वपदावर आली.

शेणच का, असे तेव्हा मीटिंगमध्ये एका काकांनी विचारले होते. गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतली किंवा आरे कॉलनीतली म्हैस पाहा. तिच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे हीच टाकी आहे. तिथेही फोडणारे आहेत, आम्ल करणारे आहेत, आणि हायड्रोजन उचलून मिथेन करणारे आहेत. शंभरात दोन-चार, फार तर. तो मिथेन ती ढेकरांवाटे बाहेर टाकते. फरक एवढाच की तिथे तयार होणारी आम्ले म्हैस स्वतः शोषून घेते. तिला मिळणारी बहुतेक ऊर्जा या आम्लांतूनच येते. म्हणून म्हशीच्या पोटात आम्लाचा निचरा करायला म्हैस आहे. आपल्या टाकीत म्हैस नाही. तिथे अ‍ॅसिटिक आम्ल संपवण्याचे कामही मिथेन करणाऱ्यांनाच करावे लागते, आणि टाकीतला निम्म्याहून अधिक मिथेन याच वाटेने येतो. ही अ‍ॅसिटिक आम्ल खाणारी मंडळी शेणात असतात, पण थोडी. शेणाने त्यांचे बी मिळते, पीक यायला मात्र काही आठवडे थांबावे लागते. नवी टाकी भरल्यावर आठव्या दिवशी "गॅस कुठे आहे?" म्हणून ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुंबईला हे सारे नवे वाटावे, याची खरे तर मला गंमत वाटते. या शहराने या जिवांना फार पूर्वी कामाला लावले आहे. माटुंग्याला, आजच्या वडाळ्याच्या बाजूला, १८९० साली महारोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने तो झाला, म्हणून आजही ते अ‍ॅकवर्थ रुग्णालय. हेच अ‍ॅकवर्थ साहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापले. सांडपाणी आणि पोवाडे या दोन्हींत रस असलेला कमिशनर पुन्हा झाला नाही. तर या आश्रमाच्या मैल्याच्या टाक्यांवर १८९७ साली झाकणे बसवून वायू गोळा केला गेला आणि त्यावर इंजिन चालवले गेले. जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा प्रयोगांत त्याची गणना होते. अनेक पुस्तकांत या प्रयोगाचे साल १८५९ असे दिलेले असते. आश्रमच १८९० चा, तेव्हा ते साल कसे बरोबर असेल?

पुढचा टप्पा उपनगरांतला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जशभाई पटेल यांनी तरंगत्या घुमटाचा गोबरगॅस संच तयार केला. खाली विहिरीसारखी टाकी, वर पालथे लोखंडी पिंप, गॅस साठला की ते वर उचलले जाते. खादी ग्रामोद्योग आयोगाने तो साठीच्या दशकात हाती घेतला आणि देशभर नेला. आयोगाचे मुख्य कार्यालय विलेपार्ल्याला इर्ल्यात, आणि गोबरगॅसचे प्रयोग चालत ते बोरिवलीच्या कोरा केंद्रात. आज कोरा केंद्र म्हटले की बोरिवलीकरांना नवरात्रातला गरबा आठवतो. त्याच आवारात शेणाच्या काल्याने किती दिवस टाकीत राहावे याची गणिते सोडवली जात होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. आयोगाच्या आराखड्यांत हे दिवस ठरवून दिलेले असतात. उष्ण भागात ३०, मध्यम हवामानात ४०, थंड भागात ५५. हे आकडे शेवटच्या पंगतीकडे पाहून ठरलेले आहेत. शेण त्याआधीच बाहेर पडले, तर संथ गतीने वाढणारे ते जीव एकाचे दोन होण्याआधीच काल्याबरोबर वाहून जातील. आम्ल करणाऱ्या चपळांना दोन-चार दिवसही पुरले असते.

या शतकाच्या सुरुवातीला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संच तयार केला. त्यात त्यांनी पंगतीच वेगळ्या केल्या. पहिल्या टाकीत कचऱ्याचा लगदा गरम पाणी आणि हवा देऊन कुजवायचा. तिथे उष्णता सोसणारे, हवेत जगणारे जीव काम करतात. आंबट व्हायचे ते तिथेच होऊ द्यायचे, आणि मग तो पातळ काला मापाने दुसऱ्या, हवाबंद टाकीत सोडायचा. ज्यांना घाई आहे त्यांच्या तडाख्यातून ज्यांना वेळ लागतो त्यांना वाचवण्याची ही युक्ती. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उलट्या बाजूने विचार केला. शेण म्हणजे गुरांनी आधीच पचवून सत्त्व काढून घेतलेला पदार्थ. त्यापेक्षा पिठूळ, गोड खरकटे दिले तर किलोमागे कितीतरी जास्त गॅस मिळतो. त्यांच्या छोट्या घरगुती संचाला २००६ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. दोघांचेही बरोबर आहे. खरकट्यात ताकद आहे आणि म्हणूनच त्यात धोका आहे.

याच जिवांना कोणी टाकी दिली नाही तर ते काम थांबवत नाहीत. १९२७ पासून कचरा पडत असलेल्या देवनारच्या डोंगरात ओला कचरा प्लॅस्टिकखाली दाबला गेला, हवा तुटली, आणि पंगती बसल्या. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर चेंबूर-घाटकोपरकरांनी कित्येक दिवस श्वासांतून घेतला. त्या आगीच्या पोटात हाच मिथेन होता. मुलुंडचे डम्पिंग ग्राउंड २०१८ मध्ये बंद झाले, पण वरून बंद झालेला कचरा आतून वर्षानुवर्षे गॅस देत राहतो. बोरिवलीजवळच्या गोराईत मात्र क्षेपणभूमी बंद करताना कचऱ्यावर आच्छादन घालून आतला वायू नळ्यांनी काढून घेण्याची सोय केली गेली. माझ्या मते मुंबईने कचऱ्याबाबत केलेल्या मोजक्या शहाण्या कामांत ते येते.

संख्येने थोडे आणि वजनाने जड, अशी मंडळी टाकीबाहेरही असतात. ही कल्पना मुळात समुद्रकिनाऱ्यावरून आली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन हे शास्त्रज्ञ १९६३ पासून एका खडकावरचे तारामासे उचलून लांब समुद्रात भिरकावत राहिले. तारामासे मोजकेच होते. पण ते गेल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि त्या जागी राहणाऱ्या जाती पंधरावरून आठवर आल्या. १९६९ साली पेन यांनी अशा प्राण्याला कमानीच्या माथ्यावरच्या दगडाची उपमा दिली. तो एकच दगड काढा, कमान कोसळते.

सूक्ष्मजीवांत असा दगड वाईट कामासाठीही सापडतो. हिरड्यांच्या जुनाट आजारात दातांच्या मुळाशी 'पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस' नावाचा जिवाणू असतो. २०११ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की तोंडातल्या जिवाणूंत त्याचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी असतानाही बाकीच्यांची संख्या आणि मिश्रण पार बदलून जाते, आणि जबड्याचे हाड झिजते. तो शरीराच्या संरक्षक पेशींची दिशाभूल करतो, आणि एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणू त्या गोंधळात माजतात. आणखी एक गोष्ट. ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे जिवाणूच नव्हते, त्यांना एकट्या या जिवाणूने काहीही केले नाही. गावगुंडाला गाव लागते.

हल्ली मातीतल्या, आतड्यांतल्या जिवाणूंच्या डीएनएच्या याद्या करून, कोण कोणाबरोबर आढळतो याचे जाळे संगणकावर मांडतात, आणि ज्याला सर्वांत जास्त धागे जोडलेले त्याला 'प्रभावी' ठरवतात. मला हे पुरेसे वाटत नाही. लग्नाच्या प्रत्येक फोटोत जो दिसतो तो नवरदेवाचा काका असेलच असे नाही, कॅटररचा माणूसही असू शकतो. कोणाचे वजन किती, हे त्याला काढून किंवा आणून पाहिल्यावरच कळते.

आणून पाहिल्याचे एक उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुबाभळीचा केवढा बोलबाला होता. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'ने चाऱ्यासाठी तिचा जोरात पुरस्कार केला. झाड उत्तम, पाला पौष्टिक, पण त्यात मिमोसीन नावाचे विष. ऑस्ट्रेलियात तो पाला खाऊन गुरांचे केस गळत, गळ्याशी गाठ येई. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खुशाल खात. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला वाटले, फरक झाडात नाही, शेळ्यांच्या पोटात आहे. त्यांनी हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजला, आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. हे काम करणारा जिवाणू पुढे सापडला आणि १९९२ साली जोन्स यांच्या नावावरून त्याचे 'सिनर्जिस्टीस जोन्सी' असे बारसे झाले. पोटातल्या गर्दीत त्याची संख्या फारच थोडी. पण त्याच्या येण्याने कळपाचा चारा बदलला.

आपल्या घरांतल्या बायका हेच विरजणाने करत आल्या आहेत, त्यामुळे आम्हाला यात फारसे नवल वाटू नये. नवी टाकी बसवणाऱ्या सोसायट्यांना मी तेच सांगते. पाकिटांच्या मागे लागू नका. जवळपास कोणाची टाकी वर्षभर विनातक्रार चालत असेल तर तिच्यातला चार-पाच पिंपे काला मागून आणा. तिथे शेवटच्या पंगतीची मंडळी तुमच्याच भागातले खरकटे खाऊन तयार झालेली असतात. ती मिळाली नाही तर शेण. सुरुवातीला रोज थोडे, आणि माप वाढवायचे ते आठवड्या-आठवड्याने. ज्योत निळी असेपर्यंत काळजी नाही. ती पिवळी पडून फडफडू लागली, किंवा टाकीजवळ आंबट वास आला, की त्याच दिवशी खाणे बंद करून पीएचची पट्टी बुडवावी. ज्या मावशी रोज तिथे काम करतात त्यांच्या नाकावर विश्वास ठेवावा, आणि त्यांना थेट सेक्रेटरींना फोन करायची मुभा द्यावी. लिंबाची-मोसंब्याची साले एकदम ढीगभर घालू नयेत. लग्न, मुंज, महाप्रसाद यांचे उरलेले अन्न आधी गरजूंना, मग पिंपात, आणि टाकीला रोजच्या मापाइतकेच. आणि जिने पुसलेल्या फिनेलच्या बादलीचे पाणी, संडास धुतलेले अ‍ॅसिड, हे टाकीच्या तोंडाशी असलेल्या मोरीत ओतू नये. ती मोरी मुळात कुठे जाते, हे एकदा प्लंबरला विचारून घ्यावे. आमच्या आवारात तिचे एक तोंड टाकीतच निघाले.